चार घरांचा झिपरू

पाचवीच्या बत्तीस मुलांच्या उंचीची बेरीज पडद्यावर वजा पंचवीस हजार दोनशे चोवीस मिलिमीटर आली आणि वर्ग एकदम चिडीचूप झाला. बापट सरांनी चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर आणला. अंक तेच होते, आणि अंकांच्या आधी ती आडवी रेघ, हिरवी, बारीक, कुणी नखानं ओढल्यासारखी. मागच्या बाकावरून ललित ओरडला, "सर, आम्ही जमिनीत गेलो!" मग काय, सगळी खोली फुटली. "किती खोल रे?" "पंचवीस मीटर!" "म्हणजे आमलीच्या विहिरीच्या पण खाली." हजेरीत पहिली म्हणून मापातही पहिली असलेली स्नेहल बाकाखाली वाकली आणि आपले पाय जागेवर आहेत ना, ते बघून आली. सरही हसले. सकाळभर व्हरांड्यातल्या भिंतीला टेप चिकटवून एकेकाला त्यांनी टाचा टेकवून उभं केलं होतं. मिलिमीटर त्यांना आवडायचे, कारण त्यात दशांशचिन्हाची कटकट नसते आणि लहान मुलाला आपण हजाराच्या वर आहोत हे ऐकून बरं वाटतं. बाराशे साठ, बाराशे अठ्ठेचाळीस, असे आकडे पोरांनी दिवाळीतल्या फटाक्यांसारखे मोठ्यानं वाजवले होते. आणि आता ही बेरीज. "मशीनचं काही तरी चुकलंय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं, की मशीनचं काहीही चुकलेलं नाही.

मधली सुट्टी झाली, पोरं डबे घेऊन पांगली. सर तिथंच बसून राहिले. सेवानिवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, पण हेडमास्तरांनी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून कधी मागितली नव्हती आणि त्यांनीही कधी परत दिली नव्हती. उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून आखडला होता, फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाचा त्यांनी नाद सोडला होता, पण टाइप करायला खांदा लागत नाही. या खोलीत बसून सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती पेटी लिहिली होती. लायब्ररी म्हणायचे तिला. सर मुलांना सांगताना पेटी म्हणायचे. सुताराच्या पेटीत रंधा, पटाशी, गिरमिट आयतं असतं, तशा तिच्यात आयत्या कृती: बेरीज, सरासरी, लहानाकडून मोठ्याकडे रांग. दुसऱ्या कुणी प्रोग्रॅम लिहिताना नुसतं नाव घ्यायचं, की कृती हजर. नावं मात्र त्यांनी जगावेगळी ठेवली होती. रांग लावणारीचं नाव भिमा, कारण अठ्ठ्याहत्तर सालच्या वर्गातली भिमा प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना दंडाला धरून उंचीप्रमाणे उभं करायची. सरासरी काढणारा बारकू, कारण बारकूला खाऊ वाटायला दिला की कुणाला कमी पडत नसे, कुणाला जास्त जात नसे. आणि बेरजेचं नाव झिपरू. झिपरू कोण, असं कुणी विचारलं तर सर म्हणायचे, "होता एक हुशार मुलगा," आणि खडू शोधायला लागायचे.

चूक त्यांना तेव्हाही ठाऊक होती. मशीन प्रत्येक आकड्याला मोजकी घरं, म्हणजे बाइट, देतं. दोन घरं दिली तर आकडा बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत नीट वाढतो. त्यापुढे एकानं जरी वाढला, की जत्रेतला पाळणा वरून एकदम खाली यावा तसा उणेच्या तळाला जातो. चार घरं दिली तर दोनशे कोटींपर्यंत चिंता नाही. पेटी बांधताना, म्हणजे लिहिलेल्यातून मशीनला समजेल असा गठ्ठा तयार करताना, अगदी वरच्या ओळीत एक आकडा लिहायचा, दोन किंवा चार, आणि मग आतलं सगळं त्या मापानं बांधलं जायचं. सरांनी दोन लिहिला होता. मशीनला स्मरणशक्ती कमी, जागा वाचलेली बरी. आणि दुसरं एक वाक्य त्यांनी मनाशी म्हटलं होतं, ते आज सहा वर्षांनी त्या रिकाम्या खोलीत त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकू आलं: शाळेतल्या पोरांचे आकडे बत्तीस हजारांच्या वर कशाला जातील? ते वाक्य तेव्हा किती समंजस वाटलं होतं. पोरं लहान, म्हणून त्यांचं माप लहान. सरांना एकाएकी आपल्या मानेमागे ऊन लागल्यासारखं झालं. खिडकी तर दुसऱ्या बाजूला होती.

तसं ऊन अडुसष्टच्या जूनमध्ये होतं. पाऊस लांबला होता, आणि गुहागरहून नव्यानं आलेला बत्तीस वर्षांचा मास्तर खडोलीच्या पलीकडच्या एका पाड्यावर, शाळा म्हणवणाऱ्या पडवीत, पहिलीचे प्रवेश करत बसला होता. जन्मतारीख कुणाकडेच नव्हती. तेव्हा सगळीकडे चालायची तीच रीत: मुलानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. पोचला, की सहा वर्षं पूर्ण, नाव दाखल. नाही पोचला, की पुढच्या वर्षी. झिपरूचा हात पोचला नाही. डोकं मोठं, दंड काडीसारखा, बोटं कानाच्या वर दोन अंगुळं थांबली. त्यानं मान वाकडी केली, तेव्हा मास्तर म्हणाले, "मान सरळ." मग त्यानं मान सरळ केली आणि बोटं तिथंच हवेत हलवली, कान आपणहून वर येईल या आशेनं. थांबलेल्या वेळात तो पडवीच्या कुडाचे बांबू मोजत होता, सरांना ते नंतर आठवलं. एकशे चौदा, तो म्हणाला होता, आणि ते बरोबर होते. "पुढच्या वर्षी ये हं," मास्तर म्हणाले. "येतो," झिपरू म्हणाला. रुसला नाही. पुढच्या वर्षी तो आला. तेव्हाही बोटं एक अंगुळ वर थांबली, आणि मास्तरांनी, कारण नियम म्हणजे नियम आणि मागच्या रांगेतले आईबाप बघत होते, पुन्हा तेच म्हटलं. "येतो," तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्या वर्षी मास्तर पहिले तीन दिवस दाराकडे तोंड करून बसले. पाड्यावरची चार घरं वीटभट्टीवर गेली, असं कुणी तरी सांगितलं. कुठल्या भट्टीवर, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

पत्नीला त्यांनी हे कधी सांगितलं नाही, ती जाईपर्यंत नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? कुणाला मारलं नाही, कुणाचं बुडवलं नाही. कान हाताला लागला नाही, एवढंच. पण पुढे पंचवीस वर्षं दर जूनमध्ये, जन्मदाखले आले, ती रीत गेली, तरी दारात एखादं मोठ्या डोक्याचं बारीक मूल आलं, की सर आधी त्याच्या हाताकडे बघायचे. आणि पेटी लिहिताना पहिलीच कृती आली बेरजेची, तेव्हा बोटांनी आपणहून ते नाव टाइप केलं. निदान इथं तरी त्याचं नाव दाखल. अकरा शाळांच्या मास्तरांनी गेल्या सहा वर्षांत आपापल्या प्रोग्रॅममध्ये ते नाव लिहिलं होतं. रोज कुठं ना कुठं झिपरूला हाक मारली जात होती. ते सरांना रात्री पांघरुणासारखं पुरत होतं. आणि शनिवारी, परवा, शिक्षण खात्याची जीप त्याच अकरा शाळांना पेटीच्या नव्या फ्लॉप्या घेऊन निघणार होती.

दुपारी खडोलीहून शेअर रिक्षानं कावेरी आली, पहिली पाळी संपवून. केसांत सुताचा एक पांढरा तंतू अडकलेला. तिचे वडील झुंबर साक्रीकडचे. सूतगिरणीत चाकं फिरवायला आले आणि तिथंच राहिले. आता त्याच गिरणीच्या कॉम्प्युटर खोलीत लेक बसते, आणि बापाला फाटकावर सगळे 'कावेरीचे वडील' म्हणतात, म्हणून तो लाजतो आणि दोनदा ऐकू आलं नाही असं करतो. ती दहावीला सरांच्या हाताखाली होती. नव्या फ्लॉप्या भरायचं काम दोघांचं होतं.

"सर, पोरं म्हणतात, तुम्ही त्यांना गाडून टाकलं."

"बघ की. वजा पंचवीस हजार."

तिनं पडद्याकडे एक नजर टाकली आणि पर्समधून फ्लॉपी काढली. "हे होणारच होतं. गिरणीत तर पहिल्याच दिवशी झालं. सुताचे मीटर सर, लाखांत जाऊन राहिले ना. म्हणून मी तुमची पेटी चारावर बांधून घेतली. दोन वर्षं झाली. एकदम बराबर चालते."

"दोन वर्षं? मला बोलली नाहीस."

कावेरी केसातला तंतू काढायला लागली. "काय बोलू? सर, तुमची पेटी लहान पडते म्हणून?"

तिनं आपली पेटी सरांच्या पेटीच्या जागी ठेवली, सकाळचा प्रोग्रॅम तसाच तिच्याशी जोडला आणि चालवला. जोडणी बिनतक्रार झाली. मशीननं एक अक्षर काढलं नाही. मग पडद्यावर स्नेहलची उंची आली: आठ कोटी सतरा लाख नव्वद हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. डबे धुऊन परत आलेली पोरं दारात गोळा झाली होती. ललितनं बोटांवर शून्यं उडवली. "ऐंशी किलोमीटरच्या वर! स्नेहल, वर पाऊस आहे का गं?" स्नेहलनं त्याला डब्याचं झाकण मारलं.

"अरे देवा," कावेरी म्हणाली. सरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. शिकवायला काही सापडलं, की त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण व्हायचा. त्यांनी पोरांना आत बोलावलं आणि फळ्याच्या खालच्या भागात, जिथवर हात जात होता तिथं, घरांची एक रांग काढली. "हे बघा. आपला प्रोग्रॅम जुना. तो प्रत्येकाला दोन घरं देतो. ही दोन स्नेहलची, ही शेजारची दोन ओंकारची. आता ताईची पेटी येते. तिला वाटतं, प्रत्येकाला चार. मग ती स्नेहलच्या नावानं किती घरं उचलेल?"

"चार."

"त्यातली तिची किती?"

"दोन. बाकीची ओंकारची!"

"म्हणजे स्नेहलच्या डोक्यावर ओंकार उभा राहिला."

"पण सर," ललित म्हणाला, "मग मशीन बोललं का नाही? माप वेगळं आहे म्हणून?"

"कारण ते माप विचारतच नाही. ते फक्त नाव विचारतं. झिपरू आहे का? आहे. बसा." हे बोलता बोलता सर पडद्याकडे वळले. दोन्ही पेट्यांत झिपरू. दोन्ही पेट्यांत भिमा, बारकू. कुणाला हाक मारली आणि कोण आलं, हे मशीनला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पोरांना पळवलं आणि मग हळूच विचारलं, "कावेरी, अगं, माप बदललंस तेव्हा नावं का नाही बदललीस? हे तर तुला कळत होतं. निदान शेपूट तरी लावायचंस मागं."

"कळत होतं की."

"मग?"

"सर, तुम्ही बी ना! तुम्ही ठेवलेली नावं मी कशी बदलू?" तिनं हे इतक्या सरळ म्हटलं, की सरांनी हातातला खडू खाली ठेवला. घरी झुंबर अजूनही सरांच्या समोर खुर्चीवर बसत नसे, ओट्यावर टेकायचा. त्या घरातली ही मुलगी दोन वर्षं चार घरांच्या पेटीवर गिरणी चालवत होती आणि आतली नावं तिनं देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी जशीच्या तशी ठेवली होती. आदरापोटी झालेला असा घोटाळा कुठल्या पुस्तकात असेल, असं सरांना वाटेना.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "दोनाची काढूनच टाकू. नव्या फ्लॉपीत फक्त चाराची. सगळ्यांनी आपले प्रोग्रॅम तसे सुधारून घ्यायचे. झंझट खतम."

"चार शाळांत जुनी मशीनं आहेत. त्यांत चार घरांच्या आकड्यांचा तक्ता मावत नाही."

"मग त्यांना नवी मशीनं मिळाली, की देऊ."

"म्हणजे पुढच्या वर्षी," सर म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला असावा, कारण कावेरीनं की-बोर्डवरचे हात उचलले. बाहेर कुणी तरी पंप सुरू केला होता, आणि त्याच्या धडधडीत खिडकीचं तावदान बारीक वाजत होतं. सरांना वाटलं, आता खडू शोधावा. खडू समोरच होता. अकरांतल्या सात शाळा आत, चार दाराबाहेर. रांगेतले आईबाप बघतायत. नियम म्हणजे नियम. नाही तर दोन्ही पेट्या पाठवायच्या, आणि एकीची नावं बदलायची. कुणाची? तिला सांगितलं, तुझी बदल, तर ती बदलेल, मान खाली घालून. आपली बदलली, तर जे एक नाव एवढ्यासाठीच दाखल केलं होतं, ते आपल्याच हातानं खोडायचं. परवा जीप निघणार. सरांनी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले.

"झिपरू माझा विद्यार्थी नव्हता."

"आं?"

"मी त्याला घेतला नाही. दोनदा." आणि मग त्यांनी सांगितलं; पडवी, कान, बोटं, एकशे चौदा बांबू. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. सव्वीस वर्षांचं ओझं एवढंसं होतं, पिशवीत मावेल इतकं. "एवढा लहान होता गं," शेवटी ते म्हणाले, आणि उजवा हात जमिनीपासून वर धरून त्यांनी माप दाखवलं. "म्हणून दोनाच्या पेटीत त्याचं नाव बरोबर बसलं होतं. ते तिथून काढवत नाही."

कावेरी त्या हाताकडे बघत राहिली, हात आणि जमीन यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे. तिनं सांत्वन केलं नाही. गिरणीतल्या पोरींना ते जमत नाही. ती हिशेबच करत होती. "अडुसष्टला पाच-सहाचा," ती म्हणाली. "म्हणजे आता बत्तीसचा, सर. तुम्ही इथं आलात तेव्हा तुम्ही जेवढे होतात, तेवढा."

सरांनी मनात वजाबाकी करून पाहिली.

"वाढला असेल ना तो. त्याची पोरं असतील. शाळेत जात असतील. तुम्ही त्याला अजून तेवढाच धरून बसला आहात."

सरांचा हात अजून हवेतच होता. तो त्यांना एकदम जड झाला. इतकी वर्षं त्या मुलानं त्यांच्या मनात एक बोट उंची घेतली नव्हती. त्यांनीच त्याला घेऊ दिली नव्हती. बांबू मोजणारं ते पोर, त्याला मिशा फुटल्या असतील, कुठल्या तरी बांधकामावर विटांचा ढीग नुसत्या नजरेनं मोजून मुकादमाला आकडा सांगत असेल, आणि मुकादमाचा हिशेब चुकत असेल, याचा चुकत नसेल. पहिल्यांदाच त्यांना तो चेहरा मोठा झालेला दिसला. नीट नाही दिसला. पण उंच दिसला, आपल्याहून जरा उंच. त्यांनी हात वर नेला, आपल्या छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. तिथं कळ आली.

"चाराचं नाव झिपरू," ते म्हणाले. "नुसतं झिपरू. तुझ्या पेटीतली नावं तशीच राहू देत. माझ्या पेटीतल्या सगळ्यांच्या मागं दोन लाव. झिपरू-दोन, भिमा-दोन, बारकू-दोन."

"तुमच्या? सर, माझ्याच्या मागं चार लावते ना!"

"नाही. मोठं झाल्यावर कुणी शेपूट लावून फिरत नाही. लहानपणीच्या फोटोवर आपण इयत्ता लिहितो, तसं कर."

"आणि जुन्या मशीनवाल्यांनी त्यांच्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा?"

"नावाच्या मागं एक आकडा लिहायचाय फक्त. मी स्वतः पत्र लिहितो, की जुना प्रोग्रॅम सगळ्यांनी आधी दोनाच्या पेटीशीच जोडायचा. आणि कुणी विसरला, तर आता मशीन बोलेल. जुन्या पेटीत झिपरू नाही म्हणून सांगेल. गुपचूप भलत्याला आत घेणार नाही."

संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन्ही पेट्या नव्यानं बांधल्या. दोनदा चुकलं, एकदा सर भिमा-दोन लिहिताना दोन विसरले आणि मशीननं लगेच तक्रार केली, तेव्हा कावेरी टाळी वाजवून म्हणाली, "बोललं, बोललं!" प्रत्येक शाळेच्या पाकिटात दोन्ही फ्लॉप्या घातल्या. सर वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहीत होते: लहान मशीनसाठी, मोठ्या मशीनसाठी. लहान, मोठ्या. अकराव्या पाकिटापर्यंत ते शब्द नुसते शब्द झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच तासाला पाचवी येऊन बसली. कावेरीची आज दुसरी पाळी होती, म्हणून तीही आली होती. प्रोग्रॅम चारात सुधारून घेतलेला. सरांनी बटण दाबायचा मान स्नेहलला दिला. चाळीस हजार तीनशे बारा. रेघ नाही. "चाळीस मीटर!" "पाण्याच्या टाकीच्या वर!" "वर आलो रे, वर आलो!" स्नेहलची उंची बाराशे साठ, फक्त बाराशे साठ, हे बघून ती जराशी हिरमुसली. मग मुलांनी विचारलं, की पूर्वी टेप नसायची तेव्हा कसं मोजायचे, आणि सरांनी, आधी न ठरवता, ती कानाची रीत सांगितली. बत्तीस उजवे हात डोक्यावरून गेले आणि बत्तीस डावे कान पकडले गेले. कावेरीचाही हात गेला. तिची बोटं कान ओलांडून हनुवटीपाशी आली. "मी तर पाळण्यातूनच पहिलीत गेली असती," ती म्हणाली. खोलीभर कोपरांचं जंगल झालं होतं.

"सर, तुम्ही?" ललित म्हणाला.

सरांनी उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत तो बरा आला. पुढे आतून काही तरी अडलं, गंजलेल्या कडीसारखं. त्यांनी दात दाबून अजून थोडा नेला; बोटं कपाळावरून केसांत शिरली आणि डोक्याच्या मध्याच्या अलीकडेच थांबली. त्यांनी मान वाकडी केली.

"मान सरळ, सर!" दोन-तीन आवाज एकदम आले.

त्यांनी मान सरळ केली. बोटं तिथंच हवेत थोडी हलली. कान कुठं तरी लांब, पलीकडे होता. वर्ग श्वास धरून बघत होता, कावेरी बघत होती आणि हसत नव्हती. मग स्नेहल अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "राहू द्या, सर. पुढच्या वर्षी या हं."

"येतो," सर म्हणाले.